एकाच खात्यावर गेम, रॉक आणि राजकारण

पत्र: माझ्या खात्यावर मी बरीच वर्षं जुन्या कन्सोलची दुरुस्ती दाखवतो, सत्तरच्या दशकातल्या रॉकबद्दल लिहितो, गिटारवर वाजवूनही टाकतो. काही महिन्यांपासून राजकारणावरही लिहायला लागलो आणि एकामागोमाग एक गोष्टी बिघडत गेल्या. एका नेत्याची क्लिप मी ‘कालचं भाषण’ म्हणून टाकली, ती तीन वर्षं जुनी निघाली. मी गुपचूप पोस्ट काढली, तर लोकांनी स्क्रीनशॉट फिरवले. मग कार्ट्रिजमधला, म्हणजे गेमच्या डबीतला, बॅटरीचा सेल बदलण्याच्या व्हिडिओखालीच भांडणं जुंपली. सेल बदलताना आतला सेव्ह केलेला खेळ वाचवता येतो का, हा एकाचा साधा प्रश्न त्या गदारोळात तसाच राहिला. त्यात भर म्हणजे, गेमच्या दृश्यांवर माझं राजकीय भाष्य आणि मागे एक गाजलेलं रॉक गाणं अशा व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला. ‘तू आपला गेमबद्दल बोल’ असं जुनी मंडळी म्हणतात. एक मित्र तर अनफॉलो करून गेला. राजकारणासाठी वेगळं खातं काढू का? माफी मागू का? की हा नादच सोडू?
— तीन नादांचा एक माणूस

उत्तर: नमस्कार. नाद सोडू नका, आणि वेगळं खातंही सध्या काढू नका. माफी मात्र मागायची आहे, पण ती मताची नव्हे, क्लिपची. तिच्याकडे येऊच.

तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी गोष्ट अशी, की कार्ट्रिज हातात आलं की तुम्ही मल्टिमीटर लावल्याशिवाय ‘सेल गेलाय’ म्हणत नसणार. भाषणाची क्लिप मात्र तुम्ही न तपासता टाकलीत. लोक चिडले ते तुम्ही राजकारणावर बोललात म्हणून, असं तुम्ही धरून चाललात. काही जण त्याच कारणाने चिडले असतील. पण ज्यांनी स्क्रीनशॉट फिरवले, त्यांच्या हातात पुरावा तुम्हीच दिलात. दुरुस्तीच्या व्हिडिओला जी शिस्त लावता, तीच राजकीय पोस्टला लावा, आणि ज्याला ती वाचायची नाही त्याला ती गाळायची सोय ठेवा. एवढं जमलं तर तिन्ही नाद एका खात्यावर सुखाने राहतील.

‘गेमबद्दलच बोल’ म्हणणाऱ्यांशी तत्त्वचर्चा करत बसू नका. पण तुमच्या मनात शंका असेल तर एवढं लक्षात असू द्या, की गेम आणि रॉक या दोन्ही नादांच्या दारात राजकारण स्वतःच्या पायाने चालत आलेलं आहे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकी सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे रॉक गाण्यांच्या शब्दांवरून सुनावणी झाली. फ्रँक झॅपा, जॉन डेन्व्हर आणि डी स्नायडर हे गायक-संगीतकार तिथे साक्षीला होते. रेकॉर्डच्या वेष्टनावर पालकांसाठी इशारा छापण्याची पद्धत त्याच वादातून आली. ९ डिसेंबर १९९३ रोजी व्हिडिओ गेमची पाळी आली, आणि १९९४ मध्ये गेमना वयोगट देणारी ईएसआरबी ही संस्था उभी राहिली. त्या १९९३च्या सुनावणीत ‘नाइट ट्रॅप’ हा गेम मुलींना सापळ्यात पकडण्याचा असल्यासारखा मांडला गेला. प्रत्यक्षात खेळणाऱ्याचं काम मुलींना वाचवायचं होतं. ही चूक कुणाच्या लक्षात येणार होती? ज्याने तो गेम खेळलाय, त्याच्याच.

तुमची ताकद इथे आहे. निवडणुकीच्या आकडेमोडीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. जुने गेम जपण्याच्या कायद्यावर नेमकं लिहिणारे फार थोडे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या अभ्यासात, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत असं आढळलं. ग्रंथालयांना असे गेम संशोधकांसाठी दुरून उपलब्ध करून देता यावेत, ही सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. वस्तू दुरुस्त करण्याचा ग्राहकाचा हक्क हा तर तुमच्या टेबलावरचाच विषय आहे. सुटा भाग मिळत नाही, कंपनी सर्किटचा नकाशा देत नाही, म्हणून काय अडतं ते तुम्ही बोट ठेवून दाखवू शकता. निम्म्याहून जास्त राजकीय पोस्ट अशा विषयांवर असू द्या. दुरुस्तीसाठी आलेला वाचकही त्या वाचेल.

रॉकच्या बाबतीतही असंच. पुढाऱ्याच्या सभेत गाणं वाजलं की ‘चोरलं’ म्हणून पोस्ट टाकायचा मोह होतो. आधी परवान्याचं बघा. अमेरिकेत सभागृहांकडे बहुधा एएससीएपी किंवा बीएमआय यांसारख्या, रचनाकारांच्या वतीने गाण्यांचे परवाने देणाऱ्या संस्थांचा सरसकट परवाना असतो. राजकीय मोहिमांसाठी या संस्थांचा वेगळा परवाना असतो, आणि त्यातून गीतकार-संगीतकार आपली गाणी वगळायला सांगू शकतात. म्हणजे प्रश्न ‘चोरलं का’ एवढाच नसून ‘कोणत्या परवान्यावर वाजवलं, आणि रचनाकाराने ते गाणं वगळायला सांगितलं होतं का’ असा आहे. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी सप्टेंबर १९८४ मध्ये न्यू जर्सीतल्या भाषणात रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचं कौतुक केलं, तेव्हा त्यांनी एकाही गाण्याचं नाव घेतलं नव्हतं. तरी ‘रेगननी अमुक गाण्याचं कौतुक केलं’ अशी वाक्यं आजही सर्रास दिसतात. नावावरून गाण्यावर उडी मारली की पोस्ट खोटी झाली.

आता क्लिप. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण तुमची घडी इथेच विस्कटली.

तुम्हाला एक उदाहरण लगेच पटेल. निन्टेन्डोच्या आठ बिटच्या कन्सोलवर पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, दिसू शकतात. नववा आला की तो काढलाच जात नाही. म्हणून बरेच गेम दर फ्रेमला स्प्राइटचा क्रम बदलतात, आणि गर्दी झाली की शत्रू लुकलुकताना दिसतात. सेकंदाला ६० फ्रेम बघणाऱ्या डोळ्याला ते फिकट का होईना, दिसतात. तीच दृश्यं ३० फ्रेमने रेकॉर्ड केली तर दर दुसरी फ्रेम गळते आणि एक फ्रेमआड लुकलुकणारा शत्रू अख्ख्या व्हिडिओतून नाहीसा होऊ शकतो. दाखवलेली प्रत्येक फ्रेम खरी, तरी व्हिडिओ पाहणाऱ्याला वाटतं की खेळाडू उगाच मेला. भाषणाचे बारा सेकंद कापले की नेमकं हेच होतं.

म्हणून क्लिप हाती आली की आधी तिच्यातून तीन-चार स्थिरचित्रं काढा. वर-खाली चिकटवलेली अक्षरं आणि पट्ट्या कापून टाका, मग चित्रावरून शोध घ्या. अक्षरांसकट शोधलंत तर तीच व्हायरल पोस्ट परत परत समोर येते, मूळ सापडत नाही. काहीच मिळालं नाही तर चित्र आडवं उलटवून पुन्हा शोधा. ओळखू येऊ नये म्हणून क्लिप आरशासारखी उलटवून फिरवली जाते. मागच्या फलकावरची अक्षरं उलटी दिसली तर खूण पटलीच. सापडलेल्या निकालांत सगळ्यात जुनी तारीख कोणती, ते बघा. तुमची क्लिप तीन वर्षं जुनी होती, ती या पहिल्याच पायरीवर अडली असती.

त्यानंतर पूर्ण भाषणाचं रेकॉर्डिंग शोधा आणि क्लिपच्या आधीची व नंतरची निदान दोन-दोन मिनिटं ऐका. पुष्कळदा वक्ता विरोधकाचं म्हणणं बोलून दाखवत असतो, आणि ‘असं हे म्हणतात’ हे शब्द कात्रीच्या पलीकडे राहिलेले असतात. पूर्ण रेकॉर्डिंग मिळालं नाही तर क्लिप टाकू नका. ‘खरं असेल तर गंभीर आहे’ अशी पुस्ती जोडून टाकणं म्हणजे न तपासता टाकणंच आहे. पुढे पाठवणारा ती पुस्ती पाठवत नाही.

शेवटी पोस्टच्या मजकुरात तीन गोष्टी लिहा: कोण, कुठे, कोणत्या तारखेला. ‘काल’, ‘नुकतंच’ असले शब्द राजकीय पोस्टमध्ये वापरूच नका. पोस्ट आठवड्याने कुणाच्या तरी समोर येते आणि ‘काल’चा अर्थ बदलतो. या तिन्हींतली एक जरी जागा रिकामी राहिली तरी पोस्ट मसुद्यातच राहू द्या. खाली पूर्ण रेकॉर्डिंगचा दुवा आणि मिनिट-सेकंद द्या. तुमचं मत त्यानंतर, वेगळ्या परिच्छेदात. घडलेली गोष्ट आणि तुमचं मत एकाच वाक्यात कालवलं की मत खोडणारा माणूस घटनाही खोडतो.

माफीचं आता सांगतो. मत मांडलं याची माफी नको. क्लिपची तारीख चुकली, आणि कळल्यावर तुम्ही पोस्ट गुपचूप काढलीत, या दोन्हींची हवी. साधारण अशी लिहा: ‘अमुक तारखेला मी एका भाषणाची क्लिप कालची म्हणून टाकली होती. ती तीन वर्षांपूर्वीची होती. मी तारीख तपासली नव्हती. चूक कळल्यावर काही न सांगता पोस्ट काढली, तेही चुकलं. मूळ भाषण इथे आहे.’ एवढंच. ‘पण तरीही मुद्दा तोच आहे’ हे वाक्य लिहायची हुक्की येईल, ते लिहू नका. ही पोस्ट निदान आठवडाभर खात्याच्या माथ्यावर पिन करा. कुणी स्क्रीनशॉट टाकला की तिचा दुवा द्या आणि थांबा. पुढे कधी चूक झाली तर पोस्ट न काढता तिच्या सुरुवातीलाच ‘दुरुस्ती’ असा शब्द आणि तारीख टाकून बरोबर माहिती लिहा. जिथे पोस्ट बदलता येत नाही तिथे पहिलं उत्तर स्वतःच द्या.

गाळण्याची सोय म्हणजे हॅशटॅग. राजकीय पोस्टसाठी एकच शब्द ठरवा आणि तो कधीही बदलू नका. ज्याला नको तो आपल्या खात्यात तो शब्द म्यूट करील. मास्टोडॉन, ब्लूस्काय, एक्स या सगळ्यांवर शब्द म्यूट करता येतात. यात चार ठिकाणी गफलत होते. शब्दाचं लेखन पक्कं हवं: एकदा ‘राजकीय’ आणि एकदा ‘राजकिय’ लिहिलंत, तर पहिला म्यूट करणाऱ्याला दुसरा दिसतोच. पोस्टची मालिका असेल तर प्रत्येक पोस्टमध्ये हॅशटॅग हवा; फक्त पहिल्या पोस्टमध्ये असेल तर ती लपते आणि मधलीच तिसरी पोस्ट आगापिछा नसताना समोर येते. चित्रातला मजकूर म्यूट होत नाही, म्हणून व्यंगचित्र किंवा स्क्रीनशॉट टाकताना हॅशटॅग मजकुरात लिहा, आणि चित्राचं वर्णनही भरा. दृष्टिहीन वाचकाला त्याशिवाय काहीच कळत नाही. आणि देवनागरी हॅशटॅग पोस्ट झाल्यावर स्वतः दाबून बघा. शब्द मधेच तुटून अर्ध्याचाच दुवा होत असेल तर जोडाक्षर नसलेला सोपा शब्द घ्या.

मास्टोडॉनवर मजकुरावर झाकण घालता येतं: वर फक्त एक ओळ दिसते, दाबलं की बाकीचं उघडतं. त्या ओळीत ‘राजकारण’ एवढंच न लिहिता ‘राजकारण: गेम जपण्याचा कायदा’ असं लिहा, म्हणजे उघडायचं की नाही हे ठरवता येतं. खात्याच्या परिचयात एक वाक्य घाला: ‘कन्सोल दुरुस्ती, रॉक, आणि राजकारण; राजकारण नको असेल तर अमुक हॅशटॅग म्यूट करा.’ ‘गेमबद्दल बोल’ म्हणणाऱ्याला तेच वाक्य पाठवा. जो खरंच वैतागला होता तो म्यूट करून राहील. जो तरीही रोज येऊन तेच लिहील, त्याला ब्लॉक करायला बिचकू नका.

एक पोस्ट, एक विषय हा नियम मात्र कडक पाळा. सेलच्या व्हिडिओत जाता जाता मारलेला राजकीय टोमणा कोणत्याच गाळणीत अडकत नाही, आणि सेल बदलायला आलेल्या माणसाला तो नाहक लागतो.

वेगळं खातं कधी काढावं? नोकरीच्या नियमात राजकीय मत मांडायला बंदी असेल तर, घरच्यांना धोका असेल तर, दुरुस्ती हा तुमचा धंदा असून ग्राहक त्याच खात्यावर येत असतील तर, किंवा खातं बँडचं असेल तर. बँडचं खातं तुमच्या एकट्याचं नसतं. बाकीच्यांची मतं तुम्ही परस्पर मांडू शकत नाही. यांपैकी काहीच नसेल तर दुसरं खातं म्हणजे दुप्पट राखण, आणि एक ना एक दिवस चुकीच्या खात्यावरून पोस्ट जातेच.

राजकारणावर लिहिणाऱ्याने फोटोतही थोडं जपावं. बंद सीआरटी पडदा, म्हणजे जुन्या टीव्हीची जाड काच, हा सरळसरळ आरसा असतो: त्यात खिडकी, खिडकीबाहेरची पाटी, घरातली माणसं दिसतात. पडदा चालू ठेवून, खोलीतले दिवे मालवून, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरून फोटो घ्या. शटर ६० हर्ट्झच्या कन्सोलला १/६० आणि ५० हर्ट्झच्या कन्सोलला १/५० ठेवलंत की काळे पट्टेही येणार नाहीत. टेबलावरचं पार्सल आणि त्यावरचा पत्ता आधी उचला.

कॉपीराइटच्या दाव्याचं बघू. ‘दहा सेकंद वाजवलं तर चालतं’ आणि ‘श्रेय दिलं की झालं’ हे दोन्ही गैरसमज आहेत. एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तुम्ही तीच धून स्वतः गिटारवर वाजवलीत तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, रचनेचा राहतो. जुन्या गेमच्या संगीतालाही हेच लागू आहे. यूट्यूबवर कंटेंट आयडीचा, म्हणजे हक्कातलं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा, दावा आला म्हणजे स्ट्राइक, म्हणजे खात्यावर बसणारा ठपका, बसला असं नव्हे. बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो आणि त्याचं उत्पन्न हक्कदाराकडे जातं, कधी आवाज बंद होतो किंवा व्हिडिओ अडवला जातो. तुमची बाजू खरंच भक्कम असेल तरच आव्हान द्या. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात. त्याने दावा कायम ठेवला आणि तुम्ही अपील केलंत, तर पुढे रीतसर काढून टाकण्याची मागणी येऊन स्ट्राइक बसू शकतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे खातं बंद. एका पार्श्वसंगीतासाठी बरीच वर्षं जमवलेले दुरुस्तीचे व्हिडिओ पणाला लावू नका. आवाजाचा तो पट्टा बदला आणि पुढे चला.

खरं तर ते गाणं तिथे हक्कांखेरीजही नडतच होतं. डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत केलेल्या गिटारचा जोर साधारण १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो, आणि बोलण्यातली व्यंजनं स्पष्ट कळायला लागणारा बराचसा भागही तिथेच येतो. शिवाय डिस्टॉर्शनमध्ये सूर सलग राहतो, शब्द शिरायला फट मिळत नाही. भाष्याखाली स्वतः रचलेली बेस आणि ड्रमची साधी लय ठेवा. गिटार हवीच असेल तर ती आवाजापेक्षा १८ ते २० डेसिबल खाली, आणि इक्वलायझरवर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये आणखी ४ ते ६ डेसिबल कापून. मग हेडफोन काढून फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐका. एखादा आकडा किंवा नाव कळलं नाही तर संगीत अजून खाली आणा. मागची दृश्यंही शांत असू द्या: चालू लढाई असेल तर डोळा तिकडेच जातो आणि कान मागे पडतो.

सेलच्या व्हिडिओखालच्या भांडणांत तुम्ही उतरू नका. राजकीय प्रतिक्रिया लपवा, पुसू नका. पुसल्या की ‘आवाज दाबला’ म्हणून नवी पोस्ट येते. वर स्वतःची एक प्रतिक्रिया पिन करा: ‘इथे फक्त सेलबद्दल बोलू, बाकीचं त्या पोस्टखाली’, आणि दुवा द्या. गेलेल्या मित्राला जाहीर उत्तर नको. खासगीत एकदाच, दोन ओळी: क्लिप चुकीची होती हे मान्य, आणि आता राजकारण म्यूट करता येतं. तो परत येईल किंवा नाही येणार, पाठपुरावा करू नका.

आणि त्या राहून गेलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच व्हिडिओखाली, आजच द्या. सेव्ह कार्ट्रिजमधल्या एसरॅम या स्मृतीच्या चिपमध्ये असतो आणि सेलच्या ३ व्होल्टवर टिकतो. सेल काढला की तो जातो. म्हणून आधी कार्ट्रिज रीडरने सेव्हची प्रत संगणकावर घ्यायची, सेल बदलायचा, मग प्रत परत लिहायची. कार्ट्रिज चालू कन्सोलमध्ये ठेवून सेल बदलायची युक्तीही लोक करतात, पण सोल्डरिंग आयर्नचं टोक चुकून चिपच्या एखाद्या पायाला लागलं तर सेव्हबरोबर चिपही जाऊ शकते. नवा सेल कोणता हवा, ते जुन्यावरचा क्रमांक वाचूनच ठरवायचं: मोठ्या कार्ट्रिजमध्ये बहुधा सीआर २०३२, हातातल्या कन्सोलच्या छोट्या कार्ट्रिजमध्ये सीआर १६१६ किंवा २०२५. सेल सोल्डर करण्यासाठी धातूच्या पट्ट्या आधीच लावलेलाच घ्यायचा. उघड्या सेलवर थेट सोल्डर केलं तर उष्णतेने तो फुगतो, फुटूही शकतो. बोर्डावरची अधिक-वजाची खूण जुना सेल काढण्याआधी फोटोत टिपून ठेवायची. बसवल्यावर मीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दिसलं तरी तेवढ्यावर थांबायचं नाही: खेळ सेव्ह करा, कन्सोल बंद करा, कार्ट्रिज काढून रात्रभर बाहेर ठेवा आणि सकाळी सेव्ह उघडून बघा.